डाव्या हाताची राणी

कोल्हापूर सोडताना माझ्या बॅगेत कपडे कमी आणि हत्यारं जास्त होती. चिमटा, कानस, दोन टाक्या, लहान हातोडी आणि वडिलांचं भिंग. "लेकीकडे निघालाय की कामावर?" असं बायकोने विचारलंसुद्धा. तिचा गुडघा नुकताच बदलला होता, त्यामुळे ती मागे राहणार होती आणि टोमणे मारायला तिला भरपूर वेळ होता. खरं तर तिचंही बरोबर होतं, कारण मी दोन्हीसाठी निघालो होतो.

गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ पेठेत) आमचं घर पिढ्यानपिढ्या पुतळ्यांचे, म्हणजे हारातल्या सोन्याच्या नाण्यांचे, ठसे कोरतं. लोखंडात लक्ष्मी कोरायची, वर सोन्याची टिकली ठेवून घाव घालायचा, की पुतळी तयार. माझी मुलगी अश्विनी कुवेतला मंगफमध्ये राहते, जावई प्रसाद शुऐबाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये खतिजाबी म्हणून कोकणातल्या चौलकडच्या बाई राहतात. त्यांच्या सनाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांच्या घराण्यात प्रत्येक नवरीच्या गळ्यात पडणाऱ्या सोन्याच्या एका नाण्याची कडी झिजून तुटली होती. ते नाणं दुकानात द्यायला त्या तयार नव्हत्या. सोनाराने घरी यावं, डोळ्यांसमोर काम करावं, अशी त्यांच्याकडची रीत. अश्विनीने फोनवर सांगितलं, "बाबा, मी शब्द देऊन बसलेय."

हत्यारं काढताना कपाटातली पत्र्याची डबी हाताला लागली. आमच्याकडे शिकाऊचा पहिला ठसा कधी मोडत नाहीत आणि कधी वापरतही नाहीत, तो त्या डबीत जातो. पणजोबांचा आहे, आजोबांचा, वडिलांचा, माझाही आहे. पहिला ठसा सगळ्यांचा चुकतो आणि गंमत म्हणजे एकाच प्रकारे चुकतो. मी डबी परत जागेवर ठेवली आणि विमानतळाची गाडी पकडली.

कुवेतच्या विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडली आणि टाकी उचलून तिच्या धारेवरून बोट फिरवलं. मी गळ्याकडे बोट दाखवून "गोल्ड, गोल्ड" म्हणालो. तो घाबरला असावा, कारण त्याने आणखी एकाला बोलावलं. शेवटी बाहेर उभ्या असलेल्या प्रसादला फोन लावून दिला, तेव्हा सुटका झाली. पहिल्याच दिवशी सासऱ्याला सोडवून आणावं लागलं, हे प्रसाद पुढे सगळ्यांना सांगत होता.

थंडीचे शेवटचे दिवस होते. वाळवंट म्हटल्यावर मी पिवळ्या टेकड्यांची अपेक्षा केली होती, पण गाडीतून दिसली ती सपाट, राखाडी, कुठेच न संपणारी जमीन. मंगफला समुद्र आला आणि जीव हलका झाला. संध्याकाळी गॅलरीतून शुऐबाकडे पाहिलं तर कारखान्याच्या चिमण्यांच्या टोकांवर जाळ पेटलेले. "ही आमची दिवाळी, बाबा, बारा महिने," प्रसाद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खतिजाबींकडे जेवायला बोलावणं आलं. जुबैदीचं (म्हणजे आपल्या पापलेटचं) कालवण, तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधातली सांदणं. सोबत बाजारातला खुबूस (तंदुरी रोटी) होता, त्याला मी हात लावला नाही. खतिजाबींचे यजमान इक्बालभाई अबू हलीफात बकाला (किराणा दुकान) चालवतात. ते कमी बोलतात आणि जास्त वाढतात. सना बँकेत नोकरी करते. आई कोकणीत बोलली की ती अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत उत्तर देते आणि दोघींचं उत्तम चालतं.

जेवण झाल्यावर खतिजाबींनी मखमलीची पुरचुंडी आणली आणि ती मला डाव्या हाताने पुढे केली. मी हात मागे घेतला. सोनं डाव्या हाताने घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही, हे आमच्या दुकानातलं पहिलं शिक्षण.

"घ्या भाऊ, रागावू नका," त्या हसून म्हणाल्या. "राणी डाव्या हातानंच देतात. आमच्यात तसंच हाय."

नाण्याला त्या राणी म्हणत होत्या. एका बाजूला बाईचा चेहरा, केसांचा वर बांधलेला अंबाडा, गाल पार गुळगुळीत. मागच्या बाजूला एकमेकांत गुंतलेले दोन हात. डोक्याच्या वर जुन्या कड्यांचे डाग एकावर एक दिसत होते. किती सोनारांनी हिला आग दाखवली असेल कोण जाणे.

"ही आमची मूळ आजी," खतिजाबी सांगू लागल्या. "आन् पाठीवर हाय ती सासू-सून. पाठवणीच्या टायमाला सासूनं आन् सुनेनं असाच हातात हात घ्यायचा. डावा. माज्या सासूनं माजा घेतला, तिचा तिच्या सासूनं."

"अम्मी, प्लीज," सना मध्येच म्हणाली. "सासरची माणसं रत्नागिरीची आहेत, किती पर्टिक्युलर आहेत माहितीये ना तुला? डावा हात म्हणजे त्यांना इन्सल्ट वाटेल. मी राणी घालेन, पण ते हाताचं नको. कुणी विचारलं डावाच का, तर काय सांगायचं? उत्तर तुझ्याकडे पण नाही."

खतिजाबी उठल्या. त्यांनी ताटं उचलली. मी वातावरण निवळावं म्हणून म्हणालो, की कडीचं काम अर्ध्या तासाचं आहे, डाग दिला (आगीवर सांधा केला) की झालं. परवा बसू.

मधला दिवस रिकामा होता, म्हणून अश्विनी मला शहरात घेऊन गेली. एका खासगी संग्रहालयात जुन्या रोमच्या सोन्याच्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. मला वाटलं, तास-दीड तास काचेत पाहू आणि सुकात (बाजारात) जाऊन चहा पिऊ.

खोली अंधारी होती आणि नाण्यांवर तेवढा उजेड. पहिल्या काचेपाशी मी भिंग काढलं आणि पुढे किती वेळ गेला ते मला कळलं नाही. जन्मभर मी नखाएवढ्या जागेत कोरीव काम केलं आहे. त्या जागेत काय मावतं आणि काय मावत नाही, हे माझ्या बोटांना माहीत आहे, असा माझा समज होता. इथे तेवढ्याच जागेत एका राजाच्या मानेवरची वळी दिसत होती. डोक्यावरच्या पानांच्या मुकुटाची गाठ मागे सुटली होती आणि तिची दोन टोकं मानेवर रुळत होती. दुहेरी हनुवटीसुद्धा कोरलेली. राजाची हनुवटी कमी करायची नाही, एवढी कारागिराची हिंमत पाहून मी मनात हात जोडले.

पण खरी नवलाई नाण्यांच्या पाठींवर होती. प्रदर्शन मांडणाऱ्या मरियमबाई तिथेच होत्या, चाळिशीच्या, काळा अबाया (पायघोळ झगा) घातलेल्या. माझं भिंग पाहून त्या जवळ आल्या. त्या इंग्रजीत सांगत होत्या, अश्विनी मला मराठीत. पंख असलेली बाई पृथ्वीच्या गोळ्यावर पायाची बोटं टेकवून उभी, तिच्या हातात पानांचं कडं. ती विजय. वेदीला वेटोळं घातलेला साप आणि त्याला वाटीतून भरवणारी बाई. ती आरोग्य. एका बाईच्या हातात कणसं आणि पायाशी जहाजाचं नाक, म्हणजे शहराला धान्य वेळेवर पोहोचेल, काळजी नको. पिसारा मिटलेला मोर असेल तर राणी वारली आणि देवलोकी गेली. एका नाण्यावर झाडाच्या खोडाला शत्रूचं चिलखत टांगलेलं आणि खाली हात बांधलेला कैदी बसलेला. त्याची मान पार खाली गेलेली. तो माणूस तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता.

"ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ही बातमी होती," मरियमबाई म्हणाल्या. "युद्ध जिंकलं, गल्ला आला, राजाचं लग्न झालं. हातोहात देशभर जायची. जहाजांतून तुमच्याकडेही यायची, मिरीच्या बदल्यात. तुमच्याकडे ती गळ्यात घालत."

आमच्याकडे पंचगंगेच्या काठी रोमच्या वस्तू सापडल्या, हे शाळेत ऐकलं होतं आणि विसरूनही गेलो होतो. आता त्याच माणसांचं सोनं माझ्या नाकासमोर होतं आणि ते जराही म्हातारं झालं नव्हतं. लोखंड गंजतं, माणूस मरतो, राज्यं बुडतात. सोन्यावर कोरलेली बाई मात्र अजून सापाला भरवतेच आहे. मला फार लहान वाटलं आणि ते वाटणं चांगलं होतं.

मग शेवटची काच आली. त्यात एक राणी होती. वर बांधलेला अंबाडा, सरळ नाक. खालच्या आरशात नाण्याची पाठ दिसत होती आणि तिथे दोन हात एकमेकांत गुंतले होते.

अश्विनीने माझा दंड धरला. तिलाही दिसलं होतं.

"याचा अर्थ एकोपा," मरियमबाई सांगत होत्या. "राजा-राणीचं लग्न."

सुकातला चहा राहिला. दुसऱ्याच दिवशी मी त्या राणीच्या डोक्यावर जाळ धरणार होतो. आधीच्या सोनारांना ठाऊक नव्हतं, त्यांचं ठीक. मला आता ठाऊक झालं होतं.

खतिजाबींना मी सरळ सांगितलं, की ही कदाचित रोमची राणी आहे, मी हिला आग लावणार नाही.

त्या म्हणाल्या, "भाऊ, रोमची असो नाय तर गावची. माजी लेक राणीशिवाय निकाहला बसणार? आजवर एक पोरगी बसली नाय."

"एवढी जुनी असेल तर बँकेच्या लॉकरात ठेवू," इक्बालभाई हळूच म्हणाले. त्यांनी हे भल्यासाठीच म्हटलं, पण खतिजाबींचे डोळे भरले. लॉकरात गेलेली राणी पुन्हा कुणाच्या गळ्यात येत नाही, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. दागिना घडवणाऱ्याला दागिना कपाटात गेलेला सोसत नाही. तरी जाळ पेटवायला माझं मन धजेना. काम करतो म्हणून समुद्र ओलांडून आलेला मी, एका आईला रडवून बसलो होतो. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

तोड सनाने काढली. सकाळी तीच आमच्या दारात आली. "काका, अंदाज कशाला? म्युझियममध्ये नेऊन दाखवू. गाडी मी काढते."

खतिजाबींनी पुरचुंडी पोलक्यात ठेवली आणि वाटभर त्यावरचा हात काढला नाही. मरियमबाईंनी आम्हाला आतल्या टेबलाशी बसवलं, हातमोजे घातले आणि त्यांची राणी ट्रेमधून आणून आमच्या राणीशेजारी ठेवली. मी भिंग लावलं.

दोघी एकमेकींकडे पाहत होत्या.

त्यांची राणी उजवीकडे पाहत होती, आमची डावीकडे. मी पुन्हा पाहिलं. अंबाडा तोच, नाक तेच, कानाखालची बट तीच, पण सगळं आरशात दिसावं तसं. कडेने त्यांच्या नाण्यावर अक्षरं होती, स्पष्ट आणि देखणी. आमच्या नाण्यावर नुसत्या उभ्या काड्या आणि वाटोळी. अक्षरं न येणाऱ्याने अक्षरांची नक्षी काढली होती.

"हात बघू," मी अश्विनीला म्हणालो. मरियमबाईंनी दोन्ही नाणी पालथी केली. आम्ही दोघांनी उजवा हात हातात घेऊन त्यांच्या नाण्याशी ताडून पाहिला. बोटं अगदी तशीच. मग आमच्या राणीशी ताडून पाहिला, तर जुळेना. डावा हात हातात घेतला आणि लगेच जुळला. दारातला पहारेकरी, हे बाप-लेक कसला खेळ खेळताहेत म्हणून पाहत राहिला.

मी खुर्चीत मागे टेकलो. मला आमची पत्र्याची डबी दिसत होती.

ठसा उलटा कोरायचा असतो. लोखंडात उजवं कोरलं तर सोन्यावर डावं उमटतं. हे शिकाऊला तोंडाने हजारदा सांगितलं तरी समोरचा नमुना पाहून त्याचा हात दिसतं तेच कोरतो आणि शिशावर पहिला घाव घालून पाहिल्यावर त्याला चूक कळते. आमच्या डबीतल्या सगळ्या ठशांच्या लक्ष्म्या डाव्या हाताने आशीर्वाद देतात. पणजोबांचीसुद्धा, वडिलांची तर देतेच.

"ही रोममध्ये घडलेली नाही," मी म्हणालो. "ही आपल्याकडची. खरी राणी समोर ठेवून कुणी तरी पहिल्यांदा ठसा कोरला आहे. हे कुणा शिकाऊचं पहिलं काम आहे."

अश्विनीने इंग्रजीत सांगितलं. मरियमबाईंनी बराच वेळ कडेच्या काड्या पाहिल्या आणि मान डोलावली. अशा जुन्या नकला हिंदुस्थानात होत, त्या म्हणाल्या. पण नेमकी कधीची आणि कुणाची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

"म्हंजे खोटी?" खतिजाबींचा आवाज खाली गेला.

"सोनं खरं आहे," मी म्हणालो. "आणि हातही खरा आहे. या माणसाने रोम पाहिलं नव्हतं, राणी पाहिली नव्हती, अक्षरं त्याला येत नव्हती. तरी कानाखालची बट सोडली नाही बघा त्याने." मघापर्यंत मी रोमच्या कारागिरांपुढे वाकलो होतो. आता मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि तो माझ्याच धंद्यातला, माझ्याच मुलखाचा होता. चुकलेलं काम वितळवून टाकायची रीत. याचं कुणी वितळवलं नाही. कुणाला तरी ते आवडलं असेल, गळ्यात घालून मिरवलं असेल, एवढंच आपण म्हणू शकतो.

सना नाण्याकडे पाहत होती. "म्हणजे हात उजवाच होता," ती सावकाश म्हणाली. "त्याने उलटा काढला. आणि आम्ही सगळे तेव्हापासून..." ती एकदम हसायला लागली. मग खतिजाबी हसल्या. रोमच्या टांकसाळीतून नवरा-बायको म्हणून निघालेले हात चौलला येऊन डावे झाले आणि सासू-सून झाले, हे कळल्यावर मरियमबाईसुद्धा हातमोजे काढून हसत बसल्या.

परत येताना ठरलं, की राणी लॉकरात जाणार नाही आणि आगीतही जाणार नाही. सुकातून सोन्याची पातळ पट्टी आणली. पट्टीचं वेगळं गोल कोंदण करायचं, कडी त्या कोंदणालाच सांधायची आणि ते थंड झाल्यावर राणी आत बसवून कडेचे दात हाताने वळवायचे, म्हणजे तिला धग लागत नाही. काम खतिजाबींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या डोळ्यांसमोर. प्रसादने कुठून तरी गॅसचा छोटा बर्नर आणला. मी तो पेटवला, कडी सांधली आणि त्याच वेळी छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. सगळी इमारत जिन्यात उतरली. इक्बालभाई खाली उभे राहून, लग्नघर आहे, सोनार आलाय, असं ज्याला त्याला समजावत होते. मी मात्र वरच होतो, तोवर कोंदण निवलं होतं. दात वळवताना हात सोडता येत नाही.

लग्न अबू हलीफातल्या एका हॉलमध्ये झालं. मचबूसच्या (मसाल्याच्या भातावरच्या मटणाच्या) पराती आणि कडेला कोकणी वडे. बायकांची बसायची सोय वेगळी होती, पण पाठवणीच्या वेळी घरचे म्हणून मला दारापर्यंत बोलावलं. सनाच्या गळ्यात राणी होती, माझ्या कोंदणात. तिची सासू, ताठ मानेची बाई, सुनेला न्यायला पुढे आली आणि तिने उजवा हात पुढे केला.

खतिजाबींनी खाली पाहिलं. लेकीवर त्यांना जबरदस्ती करायची नव्हती.

सनाने डावा हात पुढे केला. आजूबाजूची कुजबुज मला ऐकू आली. सासूचा हात तसाच हवेत राहिला.

"आमच्यात डावा देतात, अम्मी," सना सासूला म्हणाली. तिला इतकी स्वच्छ कोकणी बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. "कोन्या शिकाऊ सोनाराची चूक हाय. फार जुनी. आमी सांबाळून ठेवलीय."

सासूने तिच्याकडे पाहिलं, गळ्यातल्या राणीकडे पाहिलं. मग डाव्या हातातली पर्स उजव्या हातात घेतली आणि रिकामा झालेला डावा हात सुनेच्या हातात दिला. बोटं कशी गुंतली ते मी नीट पाहिलं. राणीच्या पाठीवर आहेत तशीच होती. खतिजाबी माझ्या शेजारी उभ्या राहून उघड रडत होत्या.

कोल्हापूरला परत आलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. लोक विचारत, कुवेतला काय पाहिलं? मी सापाला भरवणारी बाई सांगायचो, मान खाली घातलेला कैदी सांगायचो. लोक तेलाचं विचारायचे. मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. आम्ही कारागीर जन्मभर सफाईच्या मागे असतो आणि चूक डबीत घालतो. त्या माणसाचं चुकलेलं कामच तेवढं गळ्यांत राहिलं, त्याचं सफाईचं काम कुठे गेलं कुणास ठाऊक.

एका सकाळी डबी उघडली. माझा पहिला ठसा तेलाने पुसला, सोन्याची टिकली ठेवली आणि घाव घातला. आमच्या घरात हे आजवर कुणी केलं नव्हतं. पुतळी उमटली. लक्ष्मीचं नाक जरा बसकं होतं आणि आशीर्वादाचा हात अर्थातच डावा.

ती घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. बायको खुर्चीवर बसून कणीक मळत होती. तिने मान वाकडी करून पुतळी पाहिली.

"ही डाव्या हाताने देतेय की हो."

"देतेय ना?" मी म्हणालो. "मग घे."

तिचा उजवा हात पिठात होता, म्हणून तिने डावा पुढे केला. मी पुतळी त्यावर ठेवली.